पस्ताव्याची मुदत

नारदस्मृतीत खरेदीच्या पस्ताव्याचा दर ठरवून दिला आहे. वस्तू घेतली आणि मग वाटलं की सौदा वाईट झाला, तर गिऱ्हाइकाने त्याच दिवशी ती जशीच्या तशी परत न्यावी. पैसे पूर्ण मिळतील. दुसऱ्या दिवशी नेली तर किमतीचा तिसावा हिस्सा विकणाऱ्याकडे राहील. तिसऱ्या दिवशी त्याच्या दुप्पट. त्यानंतर मात्र वस्तू गिऱ्हाइकाच्याच गळ्यात. मनुस्मृती याहून सढळ आहे. ती दहा दिवस देते आणि तेही दोघांना, घेणाऱ्याला आणि विकणाऱ्यालाही. कौटिल्य माणूस पाहून मुदत ठरवतो: व्यापाऱ्याला एक रात्र, शेतकऱ्याला तीन, गुराख्याला पाच. कारण तो सांगत नाही, पण तर्क करता येतो. बाजारातच उठणाऱ्या-बसणाऱ्याला आपली चूक रातोरात कळते. शेतकऱ्याला गावी पोचून, घरच्यांची बोलणी खाऊन मग कळते.

मनूने दाव्यांचे जे अठरा प्रकार सांगितले त्यांतला ‘क्रयविक्रयानुशय’ हा एक. म्हणजे खरेदी-विक्रीनंतर मन फिरलं, हा न्यायसभेत ऐकून घेण्याजोगा विषय होता. महामहोपाध्याय पां. वा. काणे यांनी धर्मशास्त्राच्या इतिहासाच्या तिसऱ्या खंडात, १९४६ साली, दाव्यांच्या इतर प्रकारांच्या, म्हणजे ‘व्यवहारपदां’च्या, जोडीने याचीही मांडणी केली आहे. नारद आणि याज्ञवल्क्य माल पारखून घेण्याचे दिवसही देतात. लोखंडाला एक दिवस, दुभत्या जनावराला तीन, ओढकामाच्या जनावराला पाच, रत्नांना सात, बियाण्याला दहा. बियाणं रुजायला वेळ लागतो आणि गाय पहिल्या दिवशी चारा पाहून दूध देते, हे ज्याला ठाऊक आहे त्यानेच ही यादी केलेली दिसते. त्याच यादीत विकत घेतलेल्या पुरुषासाठी पंधरा दिवस आणि स्त्रीसाठी महिना आहे. जुन्या ग्रंथांचा अभिमान सांगताना हा भाग गाळून वाचायची सवय आपल्याकडे आहे, म्हणून मुद्दाम नोंदवतो.

रोमच्या कायद्यातही गुलाम आणि जनावर परत करता येई, तेही सहा महिन्यांपर्यंत. पण त्यासाठी मालात लपलेला दोष सिद्ध व्हावा लागे. मनू-नारदांच्या दहा आणि तीन दिवसांत दोष विचारलेलाच नाही. मन बदललं, एवढं पुरे. खोटा माल परत करणं आणि नकोसा झालेला माल परत करणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत आणि पुढची सगळी कथा या दोहोंच्या गोंधळाची आहे.

अर्थात आज आपण ज्याला मोहाची खरेदी म्हणतो तिला तेव्हाच्या बाजारात फारशी जागा नव्हती. सांगोल्यासारख्या जनावरांच्या बाजारात जुना रिवाज अजून ऐकायला मिळतो. बैलाचे दात पाहायचे, खोड विचारायची, चालवून पाहायचा, मग हेडे, म्हणजे जनावरांचे दलाल, मध्ये घालून रुमालाखाली बोटांनी भाव करायचा. ठरलं तर विसार द्यायचा. मन फिरलं तर विसार बुडतो. नारदाचा तिसावा हिस्सा आणि हा बुडालेला विसार यांत फार अंतर नाही. पण त्याहून महत्त्वाची गोष्ट सौद्याच्या आधी घडते. घासाघीस करताना गिऱ्हाईक दोनदा उठून जातं, ‘बघतो, जाऊन येतो’ म्हणतं, शेजारच्या दावणीपाशी उभं राहतं. पस्तावा बराचसा तिथेच उरकून होतो, पैसे हातात असतानाच. लग्नाचा बस्ता बांधायला दहा माणसं जायची तेव्हाही हेच व्हायचं. एखाद्या शालूवर नवरीच्या आत्याने नाक मुरडलं की तो गेला. ही माणसं कटकटीची असत, पण त्यांच्यामुळे घरी आल्यावर डोक्याला हात लावायची वेळ कमी येई.

इंग्रजांचा कायदा या बाबतीत निबर होता. १६०३ सालचा चँडेलर विरुद्ध लोपस हा खटला कायद्याचे विद्यार्थी अजून वाचतात. चँडेलर नावाच्या सोनाराने लोपसला शंभर पौंडांना एक खडा विकला आणि तो बेझोआर असल्याचं सांगितलं. बेझोआर म्हणजे बोकडासारख्या जनावराच्या पोटात होणारा खडा. विषावर उतारा म्हणून राजेरजवाडे तो जवळ बाळगत. खडा खोटा निघाला. न्यायालयाने सांगितलं की विकणारा ‘हा बेझोआर आहे’ एवढंच म्हणाला, तशी हमी त्याने दिली नव्हती, तेव्हा दावा उभा राहत नाही. (पुढे त्याच शतकात खऱ्या बेझोआरची टंचाई झाली तेव्हा गोव्यातल्या जेझुइटांनी माती, कस्तुरी, रत्नांची भुकटी घालून कृत्रिम खडे वळायला घेतले. ते सोन्याच्या जाळीदार डब्यांतून युरोपात गेले आणि ‘गोवा स्टोन’ म्हणून चांगल्या भावाने खपले.) लोपसचा पस्तावा असा कायद्यात बसलाच नाही. ‘घेणाऱ्याने आपलं पाहून घ्यावं’ हे तत्त्व पुढे १९३० च्या आपल्या माल विक्री कायद्याच्या सोळाव्या कलमात काही अपवादांसह येऊन बसलं. दहा दिवस देणाऱ्या मनूच्या देशात आता पहिल्याच क्षणी डोळे उघडे ठेवणं ही गिऱ्हाइकाची जबाबदारी झाली.

गाडी फिरली ती पॅरिसात, आणि फिरवली ती कायद्याने नव्हे, एका कापडवाल्याने. आरिस्तीद बुसिको १८५२ साली ‘बाँ मार्शे’ या दुकानात भागीदार झाला. तोवर पॅरिसच्या दुकानाचा उंबरा ओलांडला की काहीतरी घेऊनच निघायचं, असा अलिखित दंडक होता. भाव तोंडी आणि माणूस पाहून. बुसिकोने दार उघडं टाकलं. या, फिरा, हात लावा, काही घेतलं नाही तरी चालेल. प्रत्येक वस्तूवर किंमत लिहिलेली. आणि घरी नेल्यावर आवडली नाही तर परत आणा, पैसे घ्या. या तिन्ही गोष्टी थोड्याफार प्रमाणात आधीही कुठे कुठे होत्या. त्या एकत्र करून अख्खं दुकान त्यांवर चालवणं ही त्याची करामत.

वरवर पाहता हा प्रामाणिकपणा आहे आणि काही अंशी तो होताही. पण घासाघीस गेली तशी विचार करायची सवडही गेली, हे फारसं कोणी बोलत नाही. भाव करताना गिऱ्हाईक जी दहा मिनिटं थांबे, ती पाटीवरच्या किमतीने खाऊन टाकली. आणि परतीच्या वचनाने उरलासुरला अडसरही काढला. एमिल झोलाने १८८२ मध्ये या दुकानांत हिंडून टिपणं काढली आणि १८८३ मध्ये ‘ओ बोनर दे दाम’ ही कादंबरी लिहिली. तिच्यातला दुकानमालक मूरे हे सगळं उघडपणे जाणतो. बाईला शेवटची शंका येते ती ‘पुढे नको वाटलं तर?’ ही. परत करता येईल म्हटलं की ती शंका मिटते आणि बाई निर्धास्तपणे घेते. परत करायला फार थोड्या जणी येतात. मालक फ्रिलच्या आणि लेसच्या ढिगांमध्ये उभा राहून हा हिशेब करतो, तेव्हा तिकडे शाळामास्तराची बायको नवऱ्याचा पगार उडवत असते. कादंबरी बायकांना फार झोडपते. पुरुषांच्या उधळपट्टीवर झोलाने इतकी शाई खर्च केली असती तर बरं झालं असतं. पण यंत्र त्याने अचूक ओळखलं होतं. मनूने पस्ताव्याची मुदत दिली ती भांडण मिटावं म्हणून. बुसिकोने दिली ती विक्री वाढावी म्हणून.

अमेरिकेत हीच युक्ती टपालाने गेली. शिकागोच्या आरन माँटगोमेरी वॉर्डने १८७२ मध्ये एका पानाचं सूचीपत्र काढून शेतकऱ्यांना माल धाडायला सुरुवात केली आणि १८७५ मध्ये समाधान न झाल्यास पैसे परत देण्याची हमी छापली. न पाहिलेला माल, न पाहिलेला दुकानदार. हमीवाचून कोण घेणार? इथे परतीचं वचन हे हाताळून पाहण्याची भरपाई म्हणून आलं आणि ते न्याय्य होतं. पुढे इंटरनेटवरच्या दुकानांनी उचललं ते वॉर्डचं वचन, पण वापरलं बुसिकोच्या हेतूने.

हात आणि वस्तू यांच्यामधला माणूस काढायचं काम राहिलं होतं. ते टेनेसीतल्या मेम्फिसच्या क्लॅरेन्स सॉन्डर्सने ६ सप्टेंबर १९१६ रोजी केलं. त्याच्या ‘पिगली विगली’ दुकानात गिऱ्हाइकाने यादी वाण्याच्या हाती द्यायची नव्हती. टोपली घेऊन स्वतः फडताळांमधून फिरायचं होतं, आणि रस्ता असा आखलेला की सगळा माल डोळ्यांखालून गेल्याशिवाय गल्ल्यापर्यंत पोचता येऊ नये. टोपली भरली की हात अवघडतो आणि खरेदी थांबते, हे ओक्लाहोमा सिटीच्या सिल्व्हन गोल्डमनच्या लक्षात आलं. १९३७ मध्ये त्याने चाकांची गाडी आणली. सुरुवातीला लोक ती ढकलायला लाजत. पुरुषांना तो अपमान वाटे. मग गोल्डमनने पैसे देऊन माणसं आणली आणि गाडी ढकलत दुकानात फिरत ठेवली. बाकीच्यांनी त्यांचं पाहून गाड्या धरल्या.

वाण्याच्या हाती यादी देणं म्हणजे काय होतं, ते आता कळतं. यादी घरी, डबे उघडून पाहून केली जाते, आणि तिच्यात जे नाही ते वाणी सहसा बांधत नाही. यादी गेली तेव्हा मोहाची खरेदी हा अभ्यासाचा विषय झाला. ड्यूपाँ कंपनीने दुसऱ्या महायुद्धानंतर सुपरमार्केटमधल्या बिनठरवलेल्या खरेदीच्या पाहण्या केल्या. कंपनी सेलोफेन विकत होती, आतला माल दिसला की हात पुढे जातो हे तिला दाखवायचं होतं. १९६२ मध्ये हॉकिन्स स्टर्नने अशा खरेदीचे चार प्रकार पाडले आणि त्यांतला निव्वळ लहरीचा प्रकार कमी असल्याचं सांगितलं. बाकीचे तीन म्हणजे पाहून आठवणं, पाहून पटणं, आणि काहीतरी घ्यायचंच म्हणून येऊन तिथे काय ते ठरवणं. चारही प्रकारांत शेवटचा शब्द फडताळाचा असतो.

मागून येणाऱ्या हुरहुरीचाही याच सुमाराला अभ्यास झाला. जॅक ब्रेमने १९५६ मध्ये बायकांपुढे टोस्टर, इस्त्रीसारख्या घरगुती वस्तू ठेवून त्यांना गुण द्यायला लावले, दोहोंतली एक निवडून घरी न्यायला दिली आणि पुन्हा गुण विचारले. निवडलेलीचे गुण वाढले होते, सोडलेलीचे उतरले होते. लिऑन फेस्टिंगरने १९५७ मध्ये याचा सिद्धांत केला: केलेली निवड मनाला टोचते आणि मन ती टोचणी घालवायला स्वतःची समजूत घालतं. त्याच वर्षीच्या आणखी एका पाहणीत नवी मोटार घेतलेले लोक आपल्याच मोटारीच्या जाहिराती वाचताना आढळले. मोटार तर दारात उभी. जाहिरात आता पस्ताव्यावरचं औषध म्हणून लागत होती.

कायद्याला पुन्हा जाग आली ती दुकानांमुळे नव्हे, दारोदार हिंडणाऱ्या विक्रेत्यांमुळे. ब्रिटनमध्ये विश्वकोश, शिवणयंत्रं, धुलाईयंत्रं हप्त्यावर गळ्यात मारणारे लोक संध्याकाळी घरात शिरत आणि सही घेऊनच उठत. मोलोनी समितीने १९६२ मध्ये याचा अहवाल दिला आणि १९६४ च्या कायद्याने घरी सही केलेल्या अशा कराराला चार दिवसांची माघारीची मुदत मिळाली. अमेरिकेत १९७४ पासून तीन कामाचे दिवस. युरोपीय समुदायाने १९८५ मध्ये दारावरच्या विक्रीला सात दिवस दिले. २०११ च्या निर्देशाने ऑनलाइन आणि दूरच्या खरेदीला चौदा दिवस, कारण न सांगता. चीनने मार्च २०१४ पासून ऑनलाइन खरेदीला सात दिवस दिले आहेत, तेही कारण न विचारता. ही नारदाचीच वाट आहे, फक्त तिसावा हिस्सा कापला जात नाही.

आपल्याकडे ग्राहकाची चळवळ उभी राहिली ती भेसळ, काटामारी आणि टंचाईविरुद्ध. बिंदुमाधव जोशींनी पुण्यात १९७४ मध्ये ग्राहक पंचायत सुरू केली, १९७५ मध्ये मुंबई ग्राहक पंचायत निघाली. मुंबईकरांनी काढलेली वाटपाची पद्धत मला या मागोव्यातली सर्वांत शहाणी गोष्ट वाटते. शेजारपाजारच्या कुटुंबांनी संघ करायचा, महिन्याची मागणी आधी लिहून द्यायची, सामान एका सभासदाच्या घरी उतरणार आणि सगळ्यांनी मिळून ते वाटून घ्यायचं. स्वस्ताईसाठी काढलेल्या या पद्धतीत मोहाला शिरायला फटच नाही, कारण इथे यादी परत आली आहे आणि फडताळ गेलं आहे. १९८६ चा ग्राहक संरक्षण कायदा या चळवळीच्या रेट्याने आला. पण त्याचं लक्ष दोषावर होतं, आणि ते त्या काळाला धरूनच होतं. जिथे स्कूटरसाठी वर्षानुवर्षं नंबर लावावा लागे तिथे घेतल्यावर कोण पस्तावणार?

तो काळ १९९१ नंतर झपाट्याने सरला. मुंबईत ताडदेवला १९९९ मध्ये ‘क्रॉसरोड्स’ मॉल उघडला तेव्हा गर्दी आवरेना, म्हणून काही काळ क्रेडिट कार्ड किंवा मोबाइल दाखवा, नाहीतर तिकीट काढा, असा नियम केला गेला. बुसिकोने दार उघडून दीडशे वर्षं होत आली होती आणि आपण ते पुन्हा लोटून पाहत होतो. टिकलं नाही. २६ जानेवारी २००६ ला ‘बिग बझार’ने सबसे सस्ता दिन जाहीर केला, तेव्हा इतकी माणसं लोटली की काही ठिकाणी पोलीस बोलवावे लागले.

मग आली दारावर पैसे देण्याची सोय. फ्लिपकार्टने ती २०१० मध्ये सुरू केली, कारण कार्डं थोड्यांकडे होती आणि विश्वास त्याहून थोड्यांचा. हा अस्सल देशी तोडगा होता आणि त्याने नकळत एक जुनी गोष्ट परत आणली. मागवणं फुकट, निर्णय दारावर. खोकं येईपर्यंतच्या चार दिवसांत हौस ओसरली, नवरा ओरडला, शेजारणीने तीच वस्तू बाजारात स्वस्तात दाखवली, की ‘नको’ म्हणून मोकळं. धंद्यातले लोक अशा परत फिरलेल्या पार्सलांना ‘आरटीओ’ म्हणतात आणि त्यांच्या खर्चाने कपाळाला हात लावतात. कौटिल्याच्या शेतकऱ्याच्या तीन रात्री खोक्याच्या प्रवासात आपोआप मिळत होत्या.

त्या रात्री एकेक करून गेल्या. अ‍ॅमेझॉनला एका क्लिकमध्ये खरेदी करण्याचं पेटंट अमेरिकेत १९९९ मध्ये मिळालं होतं. २०१७ मध्ये ते संपलं आणि ती युक्ती सगळ्यांची झाली. आपल्याकडे २०१६ मध्ये यूपीआय आलं आणि पैसे जाणं म्हणजे काही आकडे दाबणं एवढंच राहिलं. आता शहरांत सामान दहा-पंधरा मिनिटांत दारात येतं. मन फिरायच्या आत पिशवी हातात. दूध-कोथिंबिरीला हे ठीक आहे. पण त्याच पडद्यावर कानातले, मिक्सर आणि फोनही आहेत, आणि कोपऱ्यात उलटं चालणारं घड्याळ आहे.

या घड्याळाची दखल सरकारने घेतली, हे सांगायला हवं. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ३० नोव्हेंबर २०२३ ला तेरा फसव्या रचनांवर बंदी घातली. खोटी घाई दाखवणं, न मागितलेली वस्तू गाडीत सरकवणं, नकार देणाऱ्याला लाजवणारा मजकूर लिहिणं, हे त्यांत येतं. २०१९ च्या कायद्याने सदोष माल परत घ्यायला नकार देणं ही अनुचित प्रथा ठरवली. बिलावर मुदत नसेल तर तीस दिवस. २०२० च्या ई-कॉमर्स नियमांत जाहिरातीप्रमाणे नसलेला माल परत घेणं बंधनकारक आहे. पण नीट वाचलं तर या सगळ्यांत दोष हवा. वस्तू चांगली आहे, मलाच नको आहे, या गिऱ्हाइकासाठी कायद्यात ओळ नाही. त्याला मिळतं ते कंपनीच्या मर्जीने: कुठे सात दिवस, कुठे फक्त बदलून, कुठे पैशांऐवजी ‘क्रेडिट’, म्हणजे पुन्हा तिथेच खरेदी.

आणि तरीही पस्तावा आपल्या कायद्याला अनोळखी नाही. विमा पॉलिसी घेतल्यावर ती परत करण्याची मुदत विमा नियामकाने २००२ पासून दिली आहे. पंधरा दिवसांची ती २०२४ मध्ये तीस झाली. रिझर्व्ह बँकेने २०२२ मध्ये डिजिटल कर्जांना माघारीची मुदत ठेवायला लावली. तेवढ्यात मुद्दल आणि त्या दिवसांचा खर्च भरून दंडाशिवाय बाहेर पडता येतं. म्हणजे उसने घेतलेले पैसे परत करायला मुदत आहे, पण त्या पैशांनी रात्री साडेअकराला मागवलेला ट्रेडमिल परत करायला नाही. ही विसंगती काढायला नवं तत्त्वज्ञान लागत नाही. पडद्यावरून केलेल्या, न हाताळलेल्या, नाशवंत नसलेल्या वस्तूच्या खरेदीला सात दिवस द्यावेत, परतीचं भाडं हवं तर गिऱ्हाइकाकडून घ्यावं. फुकट परतीमुळे विक्री फुगते आणि छोटा विक्रेता मरतो, हा व्यापाऱ्यांचा आक्षेप खरा आहे. नारदाने तिसावा हिस्सा कापला तो उगीच नव्हे.

तोवर निदान हातात आहे ते वापरावं. ‘एकदा विकलेला माल परत घेतला जाणार नाही’ हे वाक्य अजून हजारो बिलांवर छापून येतं. माल सदोष असेल तर त्या वाक्याला काडीची किंमत नाही. दुकानदार ऐकत नसेल तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक १९१५ आहे.